शिकवायचे केव्हा आणि माहिती भरायची केव्हा?

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथीची असून द्विशिक्षकी आहे, पट ३७. सहकारी गुरुजींकडे बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, म्हणजे मतदार यादीचे) काम असल्याने ते घरोघरी गेले की चारही वर्ग माझ्याकडे येतात. त्यातच पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस (शाळा व विद्यार्थ्यांची माहिती भरण्याची सरकारी ऑनलाइन प्रणाली) आणि व्हॉट्सॲपवर 'आजच पाठवा' म्हणून येणारे तक्ते. यातले काय नाकारता येते आणि काय कमी करता येते?
– एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कर्तव्ये यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही. त्यामुळे गुरुजींना बीएलओचे काम सरसकट नाकारता येणार नाही. मात्र मतदार यादीचे काम सुटीच्या दिवशी किंवा अध्यापनाच्या वेळेबाहेर करून घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट केले आहे. त्या निर्णयाचा हवाला देऊन मुख्याध्यापकांच्या सहीने तहसील कार्यालयास पत्र द्यावे, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नये. तोंडी सांगण्याला आपल्याकडच्या कचेऱ्यांत फारशी किंमत नसते. कामांचे शैक्षणिक व अशैक्षणिक असे वर्गीकरण करणारा राज्य शासनाचा ऑगस्ट २०२४ चा निर्णयही छापून शाळेत ठेवावा.

तरीही माझ्या मते वर्षभराचा खरा वेळ निवडणुकीत जात नाही. एकच माहिती निरनिराळ्या रकान्यांत पुन्हा पुन्हा भरण्यात जातो. पोषण आहाराचेच पाहा. ३७ मुले हजर असली की प्रत्येकी १०० ग्रॅमप्रमाणे ३ किलो ७०० ग्रॅम तांदूळ साठा नोंदवहीतून वजा होतो, मग लाभार्थ्यांची संख्या ऑनलाइन जाते आणि महिनाअखेरीस तेच आकडे प्रपत्रात उतरवून केंद्रप्रमुखांकडे (केंद्र म्हणजे परिसरातील शाळांचा गट) द्यावे लागतात. मध्यान्ह भोजनाच्या कामात शिक्षकांचा ठरावीक किमान वेळच जावा, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. तांदूळ मोजून देणे, चव पाहणे ही कामे शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांत वारांनुसार वाटून घेता येतात (कापूस वेचणीच्या दिवसांत कोणी मिळणार नाही, हे गृहीत धरावे). सही आणि जबाबदारी मात्र मुख्याध्यापकांचीच राहील.

तक्त्यांसाठी प्रत्येक मुलाची जन्मतारीख, प्रवर्ग, आधार व बँक खात्याचा तपशील एकाच एक्सेल फाइलमध्ये नीट भरून ठेवावा. शिष्यवृत्ती असो की गणवेश, मागणी येते ती बहुतेक याच रकान्यांची. कोणता तक्ता कधी मागितला आणि त्यातली कोणती माहिती यू-डायसवर आधीच होती, हे महिनाभर वहीत टिपून ती यादी केंद्राच्या शिक्षण परिषदेत ठेवावी. एकट्या शाळेने कुरकुर करण्यापेक्षा केंद्रातील सर्व शाळांनी मिळून, तातडीचे काम वगळता माहिती शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरच दिली जाईल, असे लेखी कळवावे.