वस्तू नको, नियम शोधा

प्रश्न असा आहे: ‘गावातल्या तरुण मंडळाकडे यंदा गणपतीची वर्गणी शिल्लक आहे. झाडं लावणं, वह्यावाटप, रक्तदान सगळं करून झालं. गावात खरोखर फरक पडेल अशी एखादी नवी कल्पना सुचवा.’

मी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरकडचा, त्यामुळे माझं उत्तर तिकडूनच सुरू होणार.

अशा प्रश्नावर लोक वस्तू सुचवतात: सोलर दिवे, वाचनालय, अ‍ॅप, ओपन जिम. वाईट काहीच नाही त्यात. पण फीत कापल्यावर वर्षभराने त्या जिमवर गोधड्या वाळत घातलेल्या दिसतात. माझ्या पाहण्यात ज्या कल्पनांनी गाव बदललं, त्यांच्या मुळाशी वाटणीचा एखादा नवा नियम होता. वस्तू नंतर आली.

पाणी पंचायत या शेतीच्या पाणीवाटपाच्या प्रयोगाचंच घ्या. तो सुरू करणारे विलासराव साळुंखे हे पुण्यातले कारखानदार, इंजिनिअर माणूस. १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात रोजगार हमीसारख्या कामांवर खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली आणि पुढे नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर माळरान जमीन कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पाणी अडवलं, खाली विहीर घेतली, पाणी उपसून वर चढवलं. इथपर्यंत इंजिनिअरिंग झालं. एवढ्यावर थांबले असते तर एक चांगला शेतीप्रयोग म्हणून तो विसरला गेला असता.

खरी करामत पुढची. पाणी आलं, पण कोणाला किती? आपल्याकडची रीत सरळ आहे: ज्याची जमीन मोठी आणि मोटर मोठी, त्याचं पाणी. साळुंख्यांनी ती उलटी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. घरात पाच माणसं आणि शेत वीस एकर? पाणी अडीच एकरांनाच, बाकीचं पावसावर. ज्याला गुंठाभरही जमीन नाही त्यालाही वाटा. त्याने दुसऱ्याची जमीन वाट्याने करून आपलं पाणी तिथे वापरावं. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ऊस, केळी, हळद लावायची नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा, म्हणजे ‘सरकारचं आहे, जाऊ दे’ असं म्हणायची सोय राहत नाही.

हे सगळे नियम एका पानावर मावतात. पण त्यातला प्रत्येक नियम एकेका नेमक्या भांडणावर उपाय आहे. ऊसबंदीचंच पहा. एकाने ऊस लावला की त्याला बारमाही पाणी लागतं आणि बाकीच्यांच्या पाळ्या लांबत जातात. मग रोज ‘तू जास्त घेतलंस’ म्हणून भांडत बसण्यापेक्षा पीकच ठरवून टाकलेलं बरं. पाणी मोजायला मीटर लागतो. शेतात ऊस उभा आहे की नाही हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं. नियम असा हवा की तो मोडला तर सगळ्या गावाला दिसावं. आणि पाणी सोडायला शेतकऱ्यांनीच नेमलेला पाटकरी. पाळी कोणाची, किती तास, हे तो ठरवणार. व्हॉल्व्हला बाकी कोणी हात लावायचा नाही, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना.

सगळं गोड गोड झालं असं मात्र नाही. वीजबिलं थकली, कुठे आपसात फाटलं, आणि पाणी पंचायतीच्या बऱ्याच योजना पुढे बंद पडल्या. साळुंखे २००२ साली गेले. आता तालुक्यात पुरंदर उपसा सिंचन योजनेचं पाणी आहे, अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत, आणि माणशी पाण्याचा विषय काढला की लोक हसतात. तरीही पाण्यावर भूमिहीनाचा हक्क ही गोष्ट कागदावर नाही, चालू पाइपलाइनवर करून दाखवली गेली, हे मला आजही मोठं वाटतं.

अलीकडची दोन उदाहरणं पटकन सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२पासून संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं. खर्च जवळजवळ शून्य. त्याच वर्षी कोल्हापूरच्या हेरवाडने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठराव झाला म्हणजे प्रथा गेली असं मी म्हणणार नाही. पण घरातली एखादी सून ‘गावाने ठरवलंय’ म्हणू शकते, हा आधार लहान नाही.

आता तुमच्या मंडळाकडे येतो. गावात असं काय आहे जे सगळ्यांचं आहे, पण काहींनाच मिळतं? ते शोधा. मला गाव माहीत नाही, म्हणून एक अंदाज करतो: उन्हाळ्यात टँकर येत असेल. तो विहिरीत रिकामा झाला की ज्याच्या घरी मोटर त्याची टाकी भरते, आणि म्हातारी एकटी राहणारी बाई कळशी घेऊन उभी राहते. तिथे माणशी किती कळशा हे ठरवा. विहिरीवर मोटर बंद. घरोघरची माणसं मोजून यादी करा आणि ती विहिरीजवळच्या भिंतीवर रंगवा. वर्गणीतून एवढाच खर्च: रंग, आणि ज्यांना वाहून नेता येत नाही त्यांच्यासाठी एक हातगाडी.

नियम मंडळाने परस्पर ठरवू नका, दोन दिवसांत उधळला जाईल. आधी महिला सभेत मांडा. ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते, बहुतेक ठिकाणी नुसत्या सह्या गोळा होतात. रांगेत बायकाच उभ्या असतात, त्यामुळे पळवाटा कुठे आहेत हे त्या तुम्हाला पाच मिनिटांत सांगतील. मग ग्रामसभेत ठराव घ्या. आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी विहिरीवरची मोटर असेल, तर ती सभेच्या आदल्या दिवशी काढून ठेवा.