वाचकांचे प्रश्न : भिंतीपाशी जाणारा वेळ

उन्हाळी वर्गांची गर्दी ओसरून शालेय स्पर्धांची तयारी सुरू झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ‘पोहायला किती दिवसांत येईल’ हा प्रश्न मागे पडतो आणि सेकंदांचा हिशेब सुरू होतो. या वेळी नाशिकमधील वाचकांची चार पत्रे घेतली आहेत आणि चारही पत्रे तलावाच्या भिंतीशी, म्हणजे टर्नशी (भिंतीपाशी पोचून उलट दिशेला वळण्याशी) संबंधित आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यात वर्णन केलेली अडचण मला जवळजवळ प्रत्येक लेनमध्ये दिसते.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची असून तीन वर्षे नियमित सराव करते. फ्रीस्टाइलच्या शर्यतीत भिंतीपर्यंत ती बरोबरीच्या मुलींच्या पुढे असते आणि टर्न झाला की मागे पडते. कोलांटी तिला उत्तम जमते, असे तिचे सर सांगतात. मग अडते कुठे?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : आपण पाठवलेली मोबाइलवरची चित्रफीत मी थांबवून थांबवून पाहिली. सरांचे म्हणणे खरे आहे. कोलांटी चांगलीच आहे. वेळ जातो तो कोलांटीच्या आधी आणि नंतर. शेवटच्या तीन हातांमध्ये आपली मुलगी दोनदा मान वर काढून भिंतीकडे पाहते. डोके वर आले की कंबर आणि पाय खाली जातात, त्यामुळे भिंतीशी पोचेपर्यंत तिचा वेग बराच उतरलेला असतो. मग कोलांटी होते, पायांचे तळवे भिंतीला लागतात, परंतु हात अजून मांड्यांजवळच असतात. ती पायांनी रेटा देते तेव्हा उजवे कोपर बाहेर आलेले स्पष्ट दिसते, म्हणजे ज्या क्षणी शरीर पाण्यातून कमीत कमी जागा घेत सरळ जायला हवे, नेमके त्याच क्षणी ते पाण्यासमोर रुंद होते. पायांनी कमावलेला वेग त्या कोपरापाशी खर्च होतो.

भिंतीला रेटा देऊन निघताना जलतरणपटूचा वेग त्याच्या नेहमीच्या पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो; सुरुवातीची उडी सोडली तर शर्यतीत एवढा वेग पुन्हा कुठेही मिळत नाही. 50 मीटरच्या तलावात 400 मीटर पोहताना अशा 7 संधी येतात आणि 25 मीटरच्या तलावात 15. बहुतेक ठिकाणी मुलांना आधी कोलांटी शिकवली जाते, कारण ती दिसायला अवघड असते आणि मुलांनाही तिचे अप्रूप वाटते. माझे ठाम मत असे आहे की टर्न उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे शिकवावा.

दोन-तीन आठवडे कोलांटी पूर्ण बंद ठेवा. मुलीने भिंतीची कड धरून पाण्याखाली उताणे जावे आणि पायांचे दोन्ही तळवे पृष्ठभागापासून फूट-दीड फूट खाली, बोटे वरच्या दिशेला ठेवून टेकवावेत. गुडघे खुर्चीवर बसल्यासारखे वाकलेले असावेत. त्यानंतर हात डोक्यापलीकडे नेऊन एक पंजा दुसऱ्यावर ठेवावा, वरच्या हाताच्या अंगठ्याने खालचा पंजा अडकवून घ्यावा, दंड कानांच्या मागे घट्ट आणावेत आणि हे सगळे जुळल्यावरच रेटा द्यावा. निघताना उताणे असले तरी चालते. पालथे होणे हे भिंत सोडल्यावर, सरकता सरकता व्हायचे असते. आपली मुलगी आज भिंतीवरच पूर्ण पालथी होऊन मग निघते आणि तेवढा वेळ तिचे पाय नुसते थांबलेले असतात. पाय न मारता ती किती दूर सरकते, ते तळावरच्या फरश्या मोजून रोज वहीत लिहून ठेवा. फरश्यांचा तो आकडा मुलांना जितका समजतो तितके कोणाचे व्याख्यान समजत नाही.

आकडा स्थिर झाला की मगच डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जुळवून एकत्र वरखाली मारणे, जोडा. वेग उतरून गेल्यावर पाय मारायला लागणे हा उशीर असतो आणि भिंत सोडल्याबरोबर पाय मारणे ही घाई असते. मधला क्षण अंगाला कळायला वेळ लागतो. त्यानंतर कोलांटी, आणि तीही आधी भिंतीपासून दूर, लेनच्या मध्यावर. दोन्ही हात मांड्यांजवळ थांबवून हनुवटी छातीकडे न्यायची आणि गुडघे पोटाशी घ्यायचे. शरीर जितके आखूड तितके ते लवकर फिरते. हात या वेळी जागचे फारसे हलत नाहीत. शरीर त्यांच्याभोवती फिरते आणि फिरणे पूर्ण होताना ते आपोआप डोक्यापलीकडे आलेले असतात. तिचे हात मागे राहतात, कारण कोलांटी घेताना ती ते पुन्हा मांड्यांकडे ओढते.

भिंतीपर्यंत येणे सर्वांत शेवटी शिकवा. स्पर्धेच्या तलावात लेनच्या तळावरची काळी रेघ भिंतीच्या 2 मीटर अलीकडे आडव्या पट्टीने संपते. नजर त्या पट्टीवर ठेवली की भिंत पाहण्याची गरजच उरत नाही. पट्टीवर डोके आल्यावर एक हात मारून वळायचे की दीड, हे उंची आणि वेग यांवर ठरते, म्हणून दुसऱ्या मुलीचे गणित तिला देऊ नका. पाय भिंतीला जेमतेम पोचत असतील तर ती लवकर वळते आहे आणि गुडघे छातीला चिकटत असतील तर उशिरा. शेवटच्या दोन हातांत श्वास घेऊ नये आणि वर आल्यावर पहिल्या हातातही घेऊ नये, ही सवय आत्ताच लागली पाहिजे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. फ्रीस्टाइलमध्ये टर्ननंतर 15 मीटरपर्यंत पाण्याखाली राहण्याची मुभा आहे, हे ऐकून मुले श्वास रोखण्याच्या पैजा लावतात. जोरजोराने श्वास घेऊन मग पाण्याखाली लांब अंतर कापताना कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपू शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. या वयात भिंतीपासून पाच-सहा मीटर नीट गेले तरी पुष्कळ आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. फ्लिप टर्न (कोलांटी घेऊन वळणे) घेताना नाकात पाणी जाते आणि थंडीच्या दिवसांत सकाळी गरगरतेही. नाकाला क्लिप लावावी का?
— एक विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : क्लिप लावण्यास हरकत नाही, पण आधी एक साधा उपाय करून पाहावा. डोके खाली जायला लागताच तोंड मिटून हुंकार द्यावा आणि तळवे भिंतीला लागेपर्यंत तो चालू ठेवावा. हुंकार चालू असतो तेव्हा नाकातून हवा बाहेर पडत राहते आणि पाण्याला वाट मिळत नाही. आपण बहुधा सगळी हवा कोलांटीच्या सुरुवातीलाच सोडून देत असाल. उताणे होताना नाकपुड्या वर येतात आणि नेमकी तेव्हा हवा संपलेली असते.

गरगरण्याचे कारण थंड पाण्यातही असू शकते. एका कानात गार पाणी आधी किंवा जास्त गेले की तोल सांभाळणारी आतली यंत्रणा काही क्षण गोंधळते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या पहाटेचे पाणी कसे असते, ते आपल्याला ठाऊकच आहे. पोहण्याची टोपी कानांवर ओढून घ्यावी आणि पहिल्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये कोलांटी घेऊ नये. पाण्याबाहेरही गरगरत असेल किंवा कान दुखत असेल, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सराव चालू ठेवू नका.

प्रश्न : माझा मुलगा एका शालेय स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पहिला आला, पण टर्नच्या वेळी एक हात आधी लागला म्हणून त्याला बाद केले. त्याचे दोन्ही हात भिंतीला लागले होते, हे मी स्वतः पाहिले. हा अन्याय नाही का?
— एक पालक, पंचवटी

उत्तर : मुलाला किती वाईट वाटले असेल, याची मला कल्पना आहे. तरीही नियम पंचांच्या बाजूने आहे. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या दोन्ही प्रकारांत दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागले पाहिजेत आणि ते एकमेकांपासून वेगळे असले पाहिजेत. एकावर एक ठेवलेले पंजे चालत नाहीत. ते एकाच उंचीवर असणे आवश्यक नाही आणि बऱ्याच पालकांची गल्लत इथे होते. काठावर बसून ‘लागले’ एवढेच दिसते, ‘एकदम लागले’ हे दिसत नाही. त्यासाठीच टर्न पाहणारे पंच भिंतीच्या टोकाशी उभे असतात.

हात पुढे-मागे लागण्याचे कारण बहुधा अंतराच्या अंदाजात असते. भिंत अर्ध्या हातावर असताना नवीन हात सुरू केला की मुलगा घाईने एका खांद्यावर कलतो आणि त्या बाजूचा हात आधी टेकतो. भिंत थोडी दूर वाटली तर हात लांबवून सरकत जाणे बरे. स्पर्श झाल्यानंतर कसेही वळता येते, मात्र भिंत सोडताना अंग पालथे असले पाहिजे. त्यानंतर पाण्याखाली एकदाच हात पूर्ण मागे मांड्यांपर्यंत ओढता येतो आणि एकच डॉल्फिन किक मारता येते. ही दुसरी किक नकळत पडते आणि तीही बाद होण्याचे नेहमीचे कारण आहे, म्हणून सरावात तिच्याकडेही लक्ष असू द्या.

प्रश्न : माझे वय 63 आहे. लहानपणी पाठीला भोपळा बांधून गोदावरीत पोहायला शिकलो. आता त्र्यंबक रोडवरील सावरकर तलावावर सकाळी पोहतो. तरुण मुले कोलांटी घेऊन वळतात, मी भिंतीला हात लावून वळतो. मी कोलांटी शिकावी का?
— एक सेवानिवृत्त वाचक, गंगापूर रोड

उत्तर : हौस असेल तर अवश्य शिकावी, गरज म्हणून मुळीच नाही. फ्रीस्टाइलचा नियम एवढाच आहे की प्रत्येक फेरीच्या शेवटी शरीराचा कोणताही भाग भिंतीला लागला पाहिजे. हात लावून वळणे स्पर्धेतही पूर्ण वैध आहे. मानेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटीच्या वाटेला जाऊ नये आणि उथळ बाजूला तर तिचा पहिला प्रयत्न कधीच करू नये.

नदीत शिकलेल्या पोहणाऱ्यांना भिंतीची सवय नसते, कारण प्रवाहात वळायचे म्हणजे पाण्याशी बोलत, मोठा वळसा घेत वळायचे. तलावात तो वळसा आखूड करता येतो. एक हात कडेला लागताच गुडघे पोटाखाली ओढून घ्यावेत, दुसरा हात निघण्याच्या दिशेला पाण्यातच ठेवावा, आणि कडेवरचा हात कानाजवळून, फोन कानाला लावावा तसा, पुढे नेऊन रेटा द्यावा. कडेला धरून अंग वर ओढू नये. छाती जितकी पाण्याबाहेर येते तितके पुन्हा खाली जायला श्रम पडतात.

सकाळच्या बॅचमध्ये दमलेली मंडळी लेनच्या मध्यावर, भिंतीला पाठ लावून उभी राहतात, असे आपण पत्रात पुढे लिहिले आहे. त्यांना कृपया लेनच्या कोपऱ्यात, दोरीजवळ उभे राहण्यास सांगावे. वळणाऱ्याचे तळवे मध्यावरच टेकतात आणि कोलांटी घेणाऱ्या मुलाला मागे कोण उभे आहे ते दिसत नाही.