‘रोबोट’ राबतो म्हणून रोबोट?

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात त्यांनी ‘रोबो’ला ‘यंत्रमानव’ हा मराठी शब्द लिहून दिला. त्यावर घरातल्या कुणीतरी सांगितलं, की परका मानायचं कारणच नाही, ‘रोबोट’ हा शब्द आपल्या ‘राबणे’वरूनच गेलेला आहे. हे खरं का, आणि लिहायचं काय: रोबो, रोबॉट, रोबोट की यंत्रमानव?

आधी ‘राबणे’चं सांगतो. नाही, हा संबंध लागत नाही. पण या शब्दाचं एक नातं खरोखरच आपल्या घरात आहे, आणि ते अगदीच वेगळ्या दारातून आत येतं. त्यासाठी प्रागला जावं लागेल.

‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने. ‘रोसुमचे युनिव्हर्सल रोबोट’ हा त्या तीन अक्षरांचा विस्तार. नाटक पुस्तकरूपाने १९२० मध्ये आलं आणि २५ जानेवारी १९२१ला प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर त्याचा प्रयोग झाला. शब्द मात्र कारेलचा नाही, त्याचा थोरला भाऊ योसेफ याचा. हे कारेलने स्वतःच १९३३ मध्ये वर्तमानपत्रात लिहून कबूल केलं. प्रसंग त्याने सांगितला तो असा. योसेफ चित्रकार. तो चित्रफलकासमोर उभा राहून रंगवत होता. कारेल त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, की नाटकाची कल्पना सुचली आहे, पण त्यातल्या कृत्रिम कामगारांना काय म्हणावं ते सुचत नाही. ‘लाबोरी’ म्हणावं असं मनात आहे, पण ते जरा पुस्तकी वाटतं. योसेफच्या तोंडात ब्रश होता. तशाच तोंडाने तो पुटपुटला, मग रोबोट म्हण. आणि पुन्हा रंगवायला लागला.

या प्रसंगात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ‘पुस्तकी’ हा आक्षेप. ‘लाबोरी’ हे लॅटिन ‘लाबोर’ म्हणजे श्रम यावरून बेतलेलं. अर्थ अचूक, पण वास कोशाचा. योसेफने दिलेला शब्द चेक शेतकऱ्याच्या तोंडचा होता. ‘रोबोता’ म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर फुकट करायचं सक्तीचं काम. मराठीत याला नेमका शब्द आहे: वेठ. चेकमध्ये साध्या कामाला ‘प्रात्से’ म्हणतात. शेजारच्या स्लोव्हाकमध्ये आणि पोलिशमध्ये ‘रोबोता’ म्हणजे नुसतं काम, पण चेक कानाला ‘रोबोता’ म्हटलं की मुकादम आणि मालकाचं शेत आठवतं. १७७५ मध्ये बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागाचे, शेतकरी या वेठीविरुद्ध उठले. उठाव ख्लुमेत्स गावाशी चिरडला गेला, आणि त्याच वर्षी सम्राज्ञी मारिया थेरेसाने वेठीला आठवड्याला तीन दिवसांची वरची मर्यादा घातली. वेठ पूर्ण उठली १८४८ मध्ये. एखाद्याचा पुरता बोजवारा उडाला की ‘ख्लुमेत्सच्या शेतकऱ्यांसारखी गत झाली’ असं चेक माणूस आजही म्हणतो. त्या उठावाची ठिणगी ईशान्य बोहेमियात पडली होती, आणि चापेक भाऊ वाढले तेही त्याच भागातल्या उपित्से गावात. तिथे त्यांचे वडील डॉक्टर होते.

आता व्युत्पत्ती. ‘राबणे’ आणि ‘रोबोता’ कानाला इतके जवळचे वाटतात की मोह होणारच. पण व्युत्पत्तीत आजचं रूप आजच्या रूपाशी जुळवून चालत नाही, जुनं रूप बघावं लागतं. स्लाव भाषांमध्ये (चेक, पोलिश, रशियन यांचं हे कूळ) फार पूर्वी एक वर्णविपर्यय, म्हणजे अक्षरांची अदलाबदल, झाली. ‘अर्’, ‘ओर्’ असे आरंभीचे स्वर मागे सरकले आणि ‘र’ पुढे आला. आपण ‘नुकसान’चं ‘नुसकान’ करतो, वाराणसीचं बनारस झालं, तसाच प्रकार, पण तिथे तो नियमाने सरसकट झाला. शब्दाच्या पोटातही तो झाला. फ्रँक सम्राट कार्ल याच्या नावावरून चेकमध्ये ‘राजा’ या अर्थी शब्द आला तो ‘क्राल’ होऊन. ‘कारेल’ हे नावही त्या कार्लचंच रूप, पण वेगळ्या वाटेने आलेलं. म्हणजे नाटककाराच्या नावात आणि त्याच्या भाषेतल्या ‘राजा’त एकच शब्द दोन वेषांत आहे.

तोच नियम लावला की ‘रोबोता’च्या आधीचं रूप ‘ओर्ब-’ असं येतं. मूळच्या रूपात ‘र’ आधी नव्हताच, त्यामुळे ‘राब-’शी जुळणारा आवाज हा नंतरच्या उलथापालथीचा योगायोग. जर्मनने जुना क्रम जपला. तिथला ‘आर्बाइट’, म्हणजे काम, हा ‘रोबोता’चा सख्खा चुलतभाऊ. त्याच घरातले लॅटिन ‘ओर्बुस’ आणि ग्रीक ‘ओर्फानोस’. दोन्हींचा अर्थ पोरका, आणि इंग्रजीतला ‘ऑर्फन’ त्या ग्रीक शब्दावरूनच आला. संस्कृतात याच कुळातला म्हणून बहुतेक व्युत्पत्तिकार ज्या शब्दाकडे बोट दाखवतात तो आहे ‘अर्भ’: लहान, दुबळं, मूल. त्याला ‘क’ लागून झालेला शब्द आपण रोज वापरतो. अर्भक.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत बसलो होतो. अर्थांची साखळी विचार केला तर लक्षात येते. ज्याच्या डोक्यावर आईबापाचं छत्र नाही ते मूल. असं मूल ज्याच्या दारात पडेल त्याचं काम करणार. म्हणून चाकर, म्हणून दास. जुन्या स्लाव भाषेत ‘राब’ म्हणजे गुलाम, आणि गुलामाने करायचं ते ‘रोबोता’. एका टोकाला अर्भक, दुसऱ्या टोकाला रोबोट. तेव्हा प्रश्नकर्त्यांच्या घरातल्या त्या व्यक्तीला सांगायला हरकत नाही, की नातं आहे, फक्त ते शेतात नाही, पाळण्यात आहे.

‘यंत्रमानव’कडे वळतो, कारण खरी गोम इथे आहे. चापेकच्या नाटकात एकही यंत्रमानव नाही. नाटकातले रोबोट पत्र्याचे नाहीत, त्यांना चाकं नाहीत, तारा नाहीत. म्हाताऱ्या रोसुमला सजीवासारखा वागणारा एक पदार्थ सापडतो, आणि देवाची गरज नाही हे सिद्ध करायला तो त्यापासून माणूस घडवू बघतो. रोसुम हे नावच ‘रोझुम’वरून, म्हणजे बुद्धीवरून घेतलं आहे. त्याच्या तरुण वारसाला देवाशी कर्तव्य नाही, तो इंजिनिअर आहे. काम करायला आनंद लागत नाही, व्हायोलिन वाजवायची इच्छा लागत नाही, म्हणून तो ते सगळं काढून टाकतो. पहिल्या प्रवेशात कारखान्याचा संचालक डोमिन पाहुणी आलेल्या हेलेनाला कारखान्याचं वर्णन ऐकवतो. कणीक मळायला असावेत तसे प्रचंड हौद, एकेका हौदात हजार रोबोटांचा लगदा. यकृतासाठी, मेंदूसाठी वेगळ्या टाक्या. हाडांचा कारखाना. आणि मग सूतगिरणी: तिथे मज्जातंतू काततात, शिरा काततात, आतड्याची नळी किलोमीटरच्या हिशोबाने निघते. हे मांसाचे आहेत. यंत्र आहे ते त्यांच्या आयुष्यात, शरीरात नाही.

चापेकला पुढे लोकांनी रोबोटचे पत्र्याचे बाहुले केलेले पाहून फार त्रास झाला. १९३५ मध्ये त्याने लेख लिहून त्याविरुद्ध तक्रार केली. म्हणून माझं मत असं, की आजच्या कारखान्यातल्या वेल्डिंग करणाऱ्या हाताला किंवा शाळेच्या प्रकल्पातल्या चाकांच्या गाडीला ‘यंत्रमानव’ खुशाल म्हणा (गाडीत मानव कुठला, हा प्रश्न शिल्लक राहतोच), पण चापेकच्या नाटकाविषयी लिहिताना तो शब्द वापरू नका. तिथे तो अर्थाचा अनर्थ करतो.

हे पात्र असं का घडलं याची मुळं दोन भावांच्या त्या वेळच्या ध्यासात आहेत. १९११ मध्ये दोघे पॅरिसला होते. योसेफ तिथून क्युबिझम घेऊन आला. माणसाचा चेहरा दोन-चार सपाट पृष्ठभागांत आणायचा, तपशील खरवडून टाकायचे, डोळ्याच्या जागी एक ठिपका ठेवायचा, हे त्याच्या चित्रांत आणि लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमवर कोरून काढलेल्या छापांत, सतत दिसतं. तरुण रोसुम माणसाचं जे करतो तेच हे, फरक इतकाच की चित्रकार खरवडतो ते सार दिसावं म्हणून आणि इंजिनिअर खरवडतो ते खर्च वाचावा म्हणून. पुस्तकाचं मुखपृष्ठ योसेफचं, प्राग प्रयोगातले पोशाखही त्याचेच, आणि नेपथ्य वास्तुविशारद बेद्रिख फॉयरश्टाइनचं. तोंडात ब्रश धरून शब्द देणारा माणूस त्या शब्दाचा चेहरा आधीपासूनच रंगवत होता, असं मला वाटतं.

कारेल तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. १९१८ मध्ये फलप्रामाण्यवादावर, म्हणजे अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सच्या ‘प्रॅग्मॅटिझम’वर त्याने छोटं पुस्तक लिहिलं. एकच एक अंतिम सत्य नाही, प्रत्येकाचं सत्य त्याच्या जगण्यातून उगवतं, ही भूमिका त्याने नाटकात उतरवली. डोमिनला माणसाला कष्टातून सोडवायचं आहे, हेलेनाला रोबोटांना न्याय द्यायचा आहे, कारखान्याचा व्यापार सांभाळणाऱ्या बुसमनला मागणी-पुरवठा कळतो. कुणीच खलनायक नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर असताना जग बुडतं, हेच त्याला दाखवायचं होतं.

आणि ‘पुस्तकी’ शब्दाची ती नावड? तीही एकट्या त्या दिवसाची नव्हती. १९१९ मध्ये कारेलने अपोलिनेरच्या ‘झोन’ या फ्रेंच दीर्घकवितेचा ‘पास्मो’ या नावाने चेक अनुवाद केला. रस्त्यावरची बोली, ओघवत्या ओळी, काटेकोर यमकाऐवजी स्वरांचं सैल सारखेपण. पुढच्या पिढीच्या नेझ्वलसारख्या कवींना चेक भाषा अशीही वाहू शकते हे त्या अनुवादाने दाखवलं. ज्याचा कान या कामात तयार झाला त्याला ‘लाबोरी’ खटकणारच.

मराठीत या शब्दाच्या सर्वांत जवळ ‘वेठ’ आहे, हे वर म्हटलं. ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’वरून आली, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही विष्टि म्हणजे सक्तीचं काम. तिचा फारसी जोडीदार ‘बेगार’. मराठीत ‘बिगारी’ म्हणजे एके काळी फुकट राबवला जाणारा, आज बांधकामावर रोजाने काम करणारा. सक्तीचा अर्थ गळाला, कष्टाचा उरला. स्लोव्हाकमधल्या ‘रोबोता’चंही तेच झालं. ‘वेठ’चा काटा मात्र बोथट झालेला नाही. संपात प्रवाशांना ‘वेठीस धरलं’ म्हणताना आपल्याला अजूनही त्यातली जबरदस्ती ऐकू येते. नाटकात शेवटी रोबोट सगळी माणसं मारतात, एकाला सोडतात. तो आल्क्विस्ट, बांधकामाचा प्रमुख. मन अस्वस्थ झालं की परांचीवर चढून विटा रचणारा. त्याला सोडायचं कारण रोबोट सांगतात ते एवढंच, की हा आमच्यासारखा हातांनी काम करतो.

आता लेखनाचं. चेक उच्चार ‘रोबोट’ असाच, दोन्ही ‘ओ’ ऱ्हस्व, आघात पहिल्यावर, शेवटचं व्यंजन ठळक. ‘रोबॉट’ इंग्रजीच्या वाटेने आलं. फ्रेंच माणूस शेवटचं व्यंजन गिळून ‘रोबो’ म्हणतो. रोजच्या मराठीत ‘रोबो’ रुळला आहे आणि तो चूक नाही. चापेकसंबंधी लिहिताना मी ‘रोबोट’ लिहितो.

शेवटी व्याकरणातली एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. चेकमध्ये पुल्लिंगी नामांचे सजीव आणि निर्जीव असे दोन गट आहेत आणि त्यांची अनेकवचनं वेगळी होतात. चापेक लिहितो ‘रोबोती’. हे सजीवाचं अनेकवचन, जसं माणसांचं. आज कारखान्यातल्या यंत्रांसाठी निर्जीवाच्या प्रत्ययाने लिहिलेलं ‘रोबोटी’ हे दुसरं रूपही चालतं. कागदावर फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, पण बोलताना सजीवाच्या रूपात त्याआधीचं व्यंजन मऊ होतं.

मराठीत अनेकवचनात असा भेद नाही, पण कर्मात आहे. आपण ‘खुर्ची पाहिली’ म्हणतो आणि ‘मुलाला पाहिलं’ म्हणतो. जिवंत माणसाला ‘ला’ लागतो, वस्तूला लागत नाही. पहिल्याच प्रवेशात हेलेना सुला नावाच्या सेक्रेटरीला माणूस समजून बोलत राहते. ती रोबोट आहे हे पटवण्यासाठी डोमिन तिला विच्छेदनाच्या खोलीत पाठवायची तयारी दाखवतो. मराठी अनुवादक हेलेनाच्या तोंडी घालेल, ‘तुम्ही सुलाला मारणार?’ आणि डोमिनला द्यायचं वाक्य असेल, ‘सुला उघडून दाखवतो.’