जुन्या कॅम्पिंग स्टोव्हला नळी आणि रेग्युलेटर लावताना

अरे, नळी आणायच्या आधी स्टोव्हचा जेट, म्हणजे गॅस बाहेर येतो ते बारीक भोक, बघ. जुने बरेच स्टोव्ह डायरेक्ट सिलिंडरवर बसणारे, हाय प्रेशरचे असतात, त्याला घरातला रेग्युलेटर लावलास तर ज्योत मरतुकडी येणार, कारण तो साधारण ३० मिलिबारच देतो. उलटं तर त्याहून वाईट, लो प्रेशरच्या बर्नरला हाय प्रेशरचा रेग्युलेटर कधीच लावायचा नाही, भडका उडेल.

नळी आयएसआय मार्कवाली, तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळीच घे, मुंबईच्या लोहार चाळ बाजारात कोणी स्वस्तातली साधी रबरी दाखवली तरी नको. तिच्यावर छापलेली तारीख बघ, ५ वर्षांनी बदलायचीच. नोझलवर पूर्ण आत सरकव, तेल अजिबात लावू नको, दोन्हीकडे क्लिप. जुना वायसर कडक झाला असेल तर आधी तो बदल, गळती बहुतेक तिथूनच होते.

मग साबणाचं पाणी लावून बघ, काडी पेटवून नाही हां प्लीज! एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, त्यामुळे टेस्ट उघड्यावर कर, चाळीच्या बंद खोलीत नको आणि तंबूत तर नाहीच. आणि कर्जतला जाताना सिलिंडर लोकलमधून नेऊ नको, बंदी आहे.