वाचकांचे प्रश्न : पहिला प्रॅक्टिकल पिस्तूल सामना

प्रश्न : मी मूळची सोलापूरची असून गेली अकरा वर्षे टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते व ग्रीन कार्डधारक आहे. दीड वर्षापूर्वी रीतसर प्रशिक्षण घेऊन मी ९ मिमीचे पिस्तूल घेतले आणि दर पंधरवड्याला रेंजवर सरावाला जाते. पुढच्या महिन्यात जवळच्या क्लबमध्ये यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या नियमांनुसार सामना आहे, त्यात मी नाव द्यावे असा मैत्रिणीचा आग्रह आहे. तिथे धावता धावता गोळ्या झाडतात हे ऐकून मात्र पोटात गोळा येतो. माझी तयारी पुरेशी आहे का, आणि नवख्या स्पर्धकाने कशाकडे लक्ष द्यावे? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : दहा पावलांवरच्या कागदावर आपल्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडत असतील, न गोंधळता मॅगझिन (पिस्तुलात बसणारी काडतुसांची डबी) बदलता येत असेल आणि होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, पिस्तूल काढताना बोट चापापासून दूर राहत असेल, तर आपली तयारी पुरेशी आहे. वेगाचा उल्लेख मी मुद्दामच केलेला नाही. पहिल्या सामन्याहून हिरमुसून परतणारे लोक मी अनेक पाहिले आहेत, आणि त्यांतला एकही संथपणामुळे हिरमुसलेला नव्हता. प्रत्येकाने कुठे ना कुठे घाई केली होती.

हा खेळ ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेमुळे जगभर पसरला ती आयपीएससी १९७६ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे स्थापन झाली आणि अमेरिकी पिस्तूल प्रशिक्षक जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. यूएसपीएसए ही तिची अमेरिकेतील शाखा. अचूकता, शक्ती आणि वेग अशा अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे आयपीएससीचे ब्रीद आहे, आणि अचूकतेचा शब्द त्यात पहिला आहे. सामन्यात अनेक 'स्टेज', म्हणजे स्वतंत्र टप्पे, असतात. तीन बाजूंनी मातीचे बांध घातलेल्या मोकळ्या जागेत लाकडी चौकटी, पिंपे आणि जाळीच्या भिंती मांडून त्यांच्या आडोशाला कागदी निशाणे व पोलादी पट्ट्या उभ्या केलेल्या असतात. कोणत्या जागेवरून कोणते निशाण टिपायचे हे स्पर्धकाने स्वतः ठरवायचे असते. धावणे सक्तीचे नाही. आमच्या क्लबमध्ये सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ सगळी स्टेज चालत पूर्ण करतात आणि निम्म्या तरुणांच्या वर राहतात.

आता सुरक्षेविषयी, कारण पहिल्या दिवशी खरी परीक्षा हीच असते. सामन्याची जागा 'कोल्ड रेंज' असते. म्हणजे आपले पिस्तूल रिकामे, मॅगझिन काढलेले आणि बॅगेत किंवा होल्स्टरमध्येच असले पाहिजे. ते बाहेर काढण्याची मुभा फक्त दोन ठिकाणी असते : रेंज ऑफिसरच्या (स्टेजवरच्या पंचाच्या) आज्ञेने स्टेजवर, किंवा 'सेफ्टी एरिया' म्हणून राखून ठेवलेल्या टेबलापाशी. या टेबलापाशी पिस्तूल हाताळता येते, पण काडतुसाला हात लावता येत नाही, सरावाच्या खोट्या काडतुसालासुद्धा नाही. सवयीने खिशातले भरलेले मॅगझिन तिथे काढून पाहणारा स्पर्धक एकही गोळी न झाडता घरी जातो. मोटारीच्या डिकीपाशी उभे राहून पिस्तूल पट्ट्याला लावणे ही नवख्यांची दुसरी ठरलेली चूक आहे. बंद बॅग सेफ्टी एरियात न्यावी आणि तिथेच ती उघडावी.

स्टेजवर दोन नियम रक्तात भिनलेले हवेत. पहिला '१८०' चा : समोरच्या बांधाला समांतर अशी एक रेघ आपल्या शरीरातून जाते असे समजावे, आणि नळीचे तोंड कोणत्याही क्षणी त्या रेघेच्या मागे जाऊ देऊ नये. आपण उजव्या हाताने नेम धरत असाल तर उजवीकडून डावीकडे जाताना मॅगझिन बदलणे हा सर्वांत फसवा क्षण असतो, कारण शरीर डावीकडे वळलेले असते, मॅगझिनसाठी पिस्तूल डाव्या हाताकडे कलते आणि नळी आपल्या नकळत मागे उभ्या असलेल्या माणसांकडे झुकू लागते. पहिल्या सामन्यात अशा ठिकाणी मॅगझिन आधी जागेवर थांबून बदलावे आणि मग पाऊल उचलावे. दोन सेकंद जातील, जाऊ द्यावेत. दुसरा नियम बोटाचा : चालताना, मॅगझिन बदलताना किंवा अडकलेले काडतूस काढताना बोट चापाच्या कड्याबाहेर, अगदी डोळ्यांना दिसेल असे सरळ असले पाहिजे. रेंज ऑफिसर मागून 'फिंगर!' किंवा 'मझल!' असे ओरडला तर तो रागावलेला नसतो, वेळेवर सावध करत असतो. नळी रेघेच्या मागे गेली, स्टेज चालू असताना पिस्तूल हातातून निसटले किंवा नको तिथे गोळी सुटली, तर मात्र स्पर्धक त्या स्टेजपुरता नव्हे, तर संपूर्ण सामन्यातून बाद होतो. स्टेजबाहेर, म्हणजे चहा पिताना किंवा वाकताना, रिकामे पिस्तूल होल्स्टरमधून पडले तर जागचे हलू नये, ते उचलू नये, रेंज ऑफिसरला हाक मारावी. पडले म्हणून कोणी बाद करत नाही. स्वतः उचलले म्हणून करतात.

आज्ञा इंग्रजीत आणि ठरलेल्या असतात. 'मेक रेडी' म्हटल्यावर पिस्तूल भरून होल्स्टरमध्ये ठेवायचे, 'आर यू रेडी' ला मान डोलावायची, 'स्टँडबाय' नंतर एक ते चार सेकंदांत टायमर वाजतो. शेवटी 'अनलोड अँड शो क्लिअर' ऐकल्यावर मॅगझिन काढायचे, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून रिकामी नळी दाखवायची, मग बांधाच्या दिशेने चाप ओढून पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवायचे. 'रेंज इज क्लिअर' हे शब्द कानांवर पडेपर्यंत कोणीही पुढे पाऊल टाकायचे नाही. आपल्या गळ्याशी घट्ट बसणारा शर्ट आणि डोक्यावर टोपी असावी, असा माझा या संदर्भातला आणखी एक आग्रह आहे. बाहेर उडालेली तापलेली पुंगळी शर्टाच्या गळ्यातून आत गेली की माणूस चटक्याने उडी मारतो आणि पिस्तुलाच्याच हाताने ती काढायला जातो. अशा वेळी चटका सोसावा आणि नळी बांधाकडेच ठेवावी.

गुणांकन समजले की अर्धी भीती जाते. कागदी निशाणावर ए, सी आणि डी असे पट्टे असतात, आणि बहुधा प्रत्येक कागदावरच्या उत्तम दोन गोळ्या मोजतात. काडतुसाचा जोर 'पॉवर फॅक्टर' ने मोजतात : गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले फूट प्रतिसेकंद वेग, भागिले १०००. ११५ ग्रेनची गोळी ११५० च्या वेगाने सुटली तर १३२ येतात, आणि 'मायनर' या कमी जोराच्या वर्गासाठी १२५ लागतात, म्हणून दुकानातले साधे ९ मिमीचे काडतूस सहसा पुरते. मायनरमध्ये ए चे ५, सी चे ३ आणि डी चा १ गुण मिळतो. हुकलेल्या गोळीचे १० गुण वजा होतात आणि पांढऱ्या 'नो-शूट' निशाणाला लागलेल्या गोळीचेही १० जातात. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की 'हिट फॅक्टर' मिळतो. समजा आठ कागद, सोळा गोळ्या आणि ८० गुणांची स्टेज आहे. एकाने २० सेकंद घेऊन सगळ्या ए मारल्या, त्याचा हिट फॅक्टर ४. दुसरा १४ सेकंदांत सुसाट गेला. दहा ए, पाच सी आणि एक गोळी हुकली, म्हणजे ५५ गुण व ३.९३. त्याच्या तोऱ्याला भुललेल्या प्रेक्षकांना तोच जिंकला असे वाटते, पण तो पहिल्याच्याही मागे राहिला. तिसऱ्याने १६ सेकंदांत बारा ए व चार सी घेतल्या, ७२ गुण व ४.५, आणि स्टेज त्याची झाली. आपण पहिल्या माणसासारखे खेळावे. तिसऱ्यासारखे खेळता यायला दोन-तीन वर्षे लागतात.

माझ्या पहिल्या सामन्यात मी या पहिल्यासारखाही खेळलो नाही आणि तिसऱ्यासारखाही नाही. तिसऱ्या स्टेजवर टायमर वाजला आणि मला फक्त समोरचे कागद दिसू लागले. निळ्या पिंपामागचे एक निशाण डोक्यातून साफ पुसले गेले. दोन न झाडलेल्या गोळ्यांचे वीस आणि निशाणाकडे नेमच न धरल्याबद्दल दहा असे तीस गुण एका विसराळूपणापायी गेले, आणि पिस्तूल खाली करताना मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होतो. तेव्हापासून स्टेज पाहून घेण्याच्या पाच मिनिटांत मी प्रत्येक थांब्यावर उभा राहून निशाणे मराठीत मोजतो, 'इथून तीन, खिडकीतून दोन, पिंपामागे एक', आणि बेरीज फळ्यावर लिहिलेल्या आकड्याशी जुळली नाही तर पुन्हा पहिल्यापासून चालतो. मॅगझिन कुठे बदलायचे तेही याच फेरीत ठरवावे, ते रिकामे होण्याची वाट पाहू नये.

सामानाची चिंता फार करू नका. चाप पूर्ण झाकणारे टणक होल्स्टर, ते तोलून धरील असा पट्टा, चार-पाच मॅगझिन व त्यांच्या थैल्या, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण आणि क्लबच्या सामन्याला साधारण दोनशे काडतुसे एवढे पुरे. पिस्तुलावर ऑप्टिक (नेम धरण्याची प्रकाशठिपक्याची काच) असेल तर 'कॅरी ऑप्टिक्स', साधी साइट (नळीवरची माशी व खाच) असेल तर बहुधा 'प्रॉडक्शन' असा गट मिळेल. नोंदणीच्या वेळी विचारले तर कोणीही सांगेल. आपण नवख्या आहात हे स्क्वॉडला, म्हणजे बरोबर फिरणाऱ्या स्पर्धकांच्या गटाला, पहिल्याच मिनिटाला सांगावे, आणि स्क्वॉडमध्ये शेवटच्या पाळ्यांपैकी एखादी मागून घ्यावी, म्हणजे इतरांचे पाहायला मिळेल. आपली पाळी नसताना कागदांवरच्या छिद्रांना चिकटपट्ट्या लावणे आणि पडलेले पोलाद उभे करणे हे प्रत्येकाचे काम असते. सावलीत खुर्ची टाकून बसणारा माणूस तिथे पटकन नावडता होतो. हातांवर शिसे बसलेले असते, म्हणून डबा उघडण्यापूर्वी हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवावेत.

प्रश्न : मी कोल्हापुरात २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते. हा प्रकार भारतात करता येईल का आणि माझा सराव त्यात कामाला येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ज्या प्रकारात आपल्याच गावच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तो आपण खेळता, त्याच्या रॅपिड फेरीत तीन सेकंदांसाठी निशाण वळते आणि तेवढ्यात खाली असलेला हात उचलून एक गोळी झाडायची असते. साइट नीट धरणे आणि चाप न हिसकता दाबणे हे आपले कौशल्य जसेच्या तसे उपयोगी पडेल. बाकी मात्र मोडून पुन्हा घडवावे लागेल. तुमच्याकडे एक हात आणि स्थिर पाय, इथे दोन हात आणि सतत हलणारे पाय, तुमच्याकडे .२२ बोअरच्या काडतुसाचा हलका धक्का, इथे ९ मिमीचा. नेमके इथेच भारतात अडते, कारण सामान्य परवानाधारकासाठी ९ मिमी हा निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) आहे आणि या खेळाची बहुतेक पिस्तुले त्याच काडतुसावर चालतात. आपला खेळ सोडून यामागे लागावे, असे मी तरी सुचवणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी करतो. त्याचे मित्र त्याला अशा सामन्याला नेणार आहेत व पिस्तूलही तेच देणार आहेत. यात काही धोका आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : धोका गोळीचा कमी आणि कायद्याचा जास्त आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही; एच-१बी आणि विद्यार्थ्यांचा एफ-१ हे दोन्ही त्यातच मोडतात. 'माझे नव्हते, मित्राचे होते' किंवा 'रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतले होते' या सबबींचा उपयोग नाही, कारण कायदा मालकीविषयी नसून ताब्याविषयी आहे, आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंतची आहे. व्हिसाचे पुढे काय होईल ते वेगळेच. अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना जवळ असणे यांसारखे थोडे अपवाद कायद्यात आहेत, पण न्यू जर्सीचे स्वतःचे नियमही कडक असल्याने इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय त्या आधारावर पिस्तुलाला हात लावू नये. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही विशिष्ट अडचण उरत नाही.

तोवर तो प्रेक्षक म्हणून खुशाल जाऊ दे. चष्मा आणि कानांचे संरक्षण घालून त्याला स्क्वॉडबरोबर फिरता येईल, चिकटपट्ट्या लावता येतील, गुण टिपता येतील. कोणाचे मॅगझिन क्षणभर धरायला मात्र हात पुढे करू नये. आणि सामन्यानंतर सगळे वाकून जमिनीवरच्या रिकाम्या पुंगळ्या वेचू लागतात, तेव्हा त्याने उभेच राहावे. त्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत पुंगळ्याही येतात.