गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेऱ्याला उत्तर द्यावे का?

आपल्या कामाच्या वार्षिक गोपनीय अहवालात ‘कामात दिरंगाई, सहकाऱ्यांशी समन्वय नाही’ असा शेरा आला असून, त्यावर लेखी उत्तर द्यावे की साहेबांशी वाकडे नको म्हणून गप्प बसावे, असे आपण विचारले आहे. उत्तर द्यावेच, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त या अभियंत्याच्या प्रकरणात अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असा निर्णय दिला. त्या अभियंत्याच्या अहवालात ‘चांगला’ अशी नोंद होती, पदोन्नतीला मात्र ‘अतिशय चांगला’ लागत होते आणि ती नोंद त्यांना कळवलेलीच नव्हती. नोंद कळवायची ती अभिवेदन, म्हणजे तिच्याविरुद्ध आपले लेखी म्हणणे, करता यावे म्हणूनच. तेव्हा ही संधी सोडू नये.

मी सांगलीत एका शासकीय कार्यालयात लिपिक आहे. २०१९-२० च्या अहवालात मला ‘प्रकरणे प्रलंबित ठेवण्याची प्रवृत्ती’ असा शेरा मिळाला होता. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि पाणी ओसरल्यावर आम्ही कित्येक जण भिलवडीच्या बाजूला पंचनाम्यांवर होतो. चिखलाने माखलेल्या घरांच्या नोंदी घेत फिरलेल्या दिवसांचा हिशेब टेबलावरच्या थकलेल्या प्रकरणांत लागला, याचे मला फार दुःख झाले. त्याच रात्री मी चार पाने लिहिली. दुसऱ्या दिवशी आमच्या अव्वल कारकुनांनी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, लाल पेन्सिल घेतली आणि ‘पक्षपाती’, ‘हेतुपुरस्सर’, ‘अन्याय’ असे शब्द एकेक करून खोडले. शेवटी दीड पान उरले. ते म्हणाले, “ताई, साहेबांविषयी काही लिहू नका, कामाविषयी लिहा.”

त्या दीड पानात सुरुवातीलाच मी मान्य केले की माझी कार्यविवरण नोंदवही (आलेली प्रकरणे आणि त्यांचा निपटारा लिहायची वही) दोन महिने अद्ययावत नव्हती. ते खरेच होते, आणि खरे ते आधी कबूल केले की पुढचे म्हणणे वाचणाऱ्याला पटते, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर पंचनाम्यांच्या नेमणुकीचा आदेश, त्याचा जावक क्रमांक, आणि परत आल्यावर दरमहा किती प्रकरणे निकाली काढली त्याचा तक्ता जोडला. पुनर्विलोकन अधिकाऱ्यांनी, म्हणजे अहवाल तपासणाऱ्या वरिष्ठांनी, ‘प्रवृत्ती’ हा शब्द काढला. नोंदवहीबद्दलचा शेरा राहिला, आणि तो राहायलाच हवा होता.

आपल्या शेऱ्याचेही असेच दोन भाग करा. दिरंगाईला तारखांनी उत्तर देता येते. कोणते प्रकरण कधी आले, कोणाकडे अडले, कधी निघाले, हे आवक-जावक नोंदींतून काढा. ‘समन्वय नाही’ हे मात्र मत आहे, आणि मताला कागद पुरत नाही. त्यासाठी आधी प्रतिवेदन अधिकाऱ्यांना, म्हणजे ज्यांनी अहवाल लिहिला त्या साहेबांना, भेटून कोणत्या प्रसंगावरून तसे वाटले हे शांतपणे विचारा. प्रसंग सांगितला आणि चूक आपली निघाली, तर तसे लिहायला कचरू नका. प्रसंग सांगितला नाही, तर ‘शेऱ्यास आधारभूत घटना कळवण्यात यावी’ एवढी एकच विनंती अभिवेदनात करा.

केंद्रीय कर्मचाऱ्यांना अभिवेदनासाठी १५ दिवस मिळतात. आपल्याला किती, ते अहवालासोबतच्या पत्रात पाहा. मूळ प्रत आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.