लांब नळीची अमेरिकी रायफल : चकमक मूळची की मागाहून बसवलेली?

प्रश्न : माझा भाचा पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे. तेथील एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे त्याला चकमकीची लांब रायफल मिळते आहे. तिच्या लॉकवर, म्हणजे चकमकीने ठिणगी पाडून दारू पेटवणाऱ्या यंत्रणेवर, ‘केटलँड’ असे नाव आहे. नळीवर मात्र एकही अक्षर नाही. ती १७९०च्या सुमाराची असून पूर्णपणे मूळ अवस्थेत आहे, असे विक्रेता म्हणतो. याची खातरजमा कशी करावी आणि ती साताऱ्यास आणता येईल का?
– एक निवृत्त अभियंता, सातारा

उत्तर : सर्वांत आधी ती बंदूक रिकामी आहे ना, हे भाच्याला पाहायला सांगा. ठासणीच्या जुन्या बंदुका पुष्कळदा भरलेल्याच सापडतात आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेते. नळीच्या तोंडासमोर न येता गज सावकाश तळापर्यंत सोडावा, तोंडाशी त्यावर खूण करावी आणि मग तोच गज नळीला बाहेरून लावून पाहावा. त्याचे टोक बत्तीच्या छिद्राच्या (नळीच्या तळाशी आतल्या दारूला आग पोहोचवणाऱ्या भोकाच्या) बरेच अलीकडे राहिले, तर आत काहीतरी आहे असे समजून पुढचे काम जाणकारावर सोपवावे.

केटलँड हे बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांचे नाव. अमेरिकी कारागीर इंग्लंडहून तयार लॉक मागवत असत. त्यामुळे हे नाव लॉकपुरतेच खरे. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात स्थायिक झालेल्या जर्मनभाषक कारागिरांनी मायदेशची आखूड, जाड नळीची शिकारी रायफल हळूहळू बदलत नेली. नळी ४२ ते ४६ इंचांपर्यंत वाढवली आणि शिसे व दारू कमी लागावी म्हणून गोळी लहान केली. जेकब डिकर्टसारखे काही जण अष्टकोनी नळीच्या वरच्या पैलूवर नाव कोरत, पण निनावी नळ्याही विपुल आहेत. तेव्हा नाव नाही म्हणून बिचकू नये. दस्त्यातील पितळी झाकणाच्या डबीचा घाट आणि लाकडावरील कोरीवकाम यांवरून निदान कोणत्या भागातली घडण आहे, हे ओळखता येते.

खरी मेख चकमकीत आहे. १८२०नंतर टोपीची, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेट घेणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीची, पद्धत आली आणि असंख्य चकमकी रायफली टोपीवर बदलल्या गेल्या. पुढे संग्राहक चकमकीला जास्त किंमत मोजू लागल्यावर त्यांतल्याच कित्येक पुन्हा चकमकीवर आणल्या गेल्या. हे काम सफाईने केलेले असले तरी खुणा राहतात. लॉक उतरवून त्याच्या आतल्या बाजूचे छायाचित्र मागवा. रंजकाची (पेटवणीच्या दारूची) वाटी आणि तिच्यावरची ठिणगी पाडणारी पट्टी यांच्या स्क्रूंची भोके बुजवून पुन्हा पाडलेली दिसतात का, चकमक धरणारा घोडा बाकीच्या लॉकपेक्षा नवा व कडांना तीक्ष्ण वाटतो का, हे पाहा. बत्तीचे छिद्र तर फारच बोलके असते. टोपीसाठी तेथे नळीत आटे पाडून टोपी चढवायच्या निपलचा तुकडा बसवत. परत चकमक करताना तो काढून बूच भरतात आणि त्यात नवे छिद्र पाडतात. भिंगातून पाहिल्यास त्या बुचाची बारीक गोल रेघ सहसा सापडते. उलट, मूळच्या चकमकीत छिद्राभोवतीचे लोखंड वर्षानुवर्षांच्या रंजकाने खाल्लेले आणि शेजारचे लाकूड करपलेले असते. लोखंड गंजाने खडबडीत आणि वाटी मात्र गुळगुळीत असेल, तर ‘पूर्णपणे मूळ’ हे शब्द पावतीवर लिहून मागावेत. विक्रेता कचरला की उत्तर मिळालेच. बदललेली रायफल टाकाऊ नसते, फक्त तिची किंमत तशी असावी.

ती साताऱ्यास आणण्याचा विचार मात्र सोडावा, असे माझे मत आहे. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत घडलेली बंदूक पुरातन धरली जाते. भाच्याने राज्याचे नियम तेवढे पाहावेत. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमातील सवलत केवळ जुनेपणावर मिळत नाही. दुरुस्त करूनही वापरता येणार नाही असेच शस्त्र तिच्यात बसते. शिवाय आयातीला वेगळा परवाना लागतो. तेव्हा रायफल भाच्याकडेच राहू द्या आणि आपण छायाचित्रांवरून अभ्यास करा. जोडीला आपल्याकडची एखादी तोड्याची (जळत्या वातीने पेटवायची) बंदूक संग्रहालयात नीट पाहा : तिची नळी दस्त्याला बाहेरून वेढे घालून आवळलेली असते, तर अमेरिकी नळी खालच्या बाजूच्या कड्यांतून लाकडात आडव्या खिळ्या ठोकून बसवलेली असते.